माळ्यावरचं पितळ गेलं, ‘डच’ पेटी आली

वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यातल्या गावांतून एक माणूस छोटा टेम्पो घेऊन फिरतो. जुनी भांडी, पेट्या, घड्याळं घेतो आणि तशाच वस्तू विकतोही. आमच्याकडून त्यानं नेलं ते अस्सल होतं आणि दिलं ते बनावट. ओळखीतल्या आणखी दोन घरांतून हीच कहाणी कानावर आली, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. यांच्या निवृत्तीनंतर आम्ही मुंबईहून इथे आलो आणि दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. शहरातून आलेल्या माणसांना ओटीवर जुनी पेटी, कोनाड्यात समई असं काही दिसलं की त्यांची कळी खुलते, आधी फोटो निघतात, मग चहा. ओटीवर ठेवायला एक मोठी पेटी हवी, हे मी वाडीत चार जणांना बोलले होते. टेम्पोवाल्यापर्यंत ते कसं पोचलं कोण जाणे, पण दारात आला तो “काकी, पेटी बघताय ना?” असंच म्हणत.

टेम्पोत पेटी होतीच. काळपट रंग, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, झाकणावर पितळेचा बिल्ला आणि त्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीची एकात एक गुंफलेली अक्षरं, खाली 1742. वेंगुर्ल्याला डचांची पडकी वखार आहे हे इथल्या शाळकरी पोराला माहीत असतं. त्यानं नेमका त्याचाच धागा पकडला. वखारीतला माल एका सावकाराकडे गेला, त्याच्या वंशजांनी आता घर मोडलं, वगैरे. गोष्ट इतकी घरची होती की शंका घ्यायला जागाच उरली नाही. डच सतराव्या शतकातच वेंगुर्ल्यातून गेले होते, 1742 मध्ये त्यांची इथे वखार चालतच नव्हती, हे नंतर माझ्या भाच्यानं सांगितलं. तो इतिहास शिकवतो.

पेटीचे ₹22,000 सांगितले. मी मान हलवल्यावर त्यानं खरा डाव टाकला. “काकी, माळ्यावर जुनी भांडी असतील ना? ती देऊन टाका, पैसे वळते करू.” आणि तो स्वतःच शिडी लावून माळ्यावर चढला. तांब्याचं घंगाळ, एक हंडा, दोन समया आणि माझ्या आजेसासूबाईंचा पितळी पानाचा डबा, सगळं खाली आलं. काटा त्याचाच. चौदा किलो भरलं. तांबं पितळेपेक्षा महाग असतं, पण त्यानं सरसकट ₹350 किलोचा भाव लावला. ₹4,900 वजा करून ₹17,100 यांनी फोनवरून पाठवले. पैसे ज्या नावावर गेले ते नाव त्यानं सांगितलेल्या नावाशी जुळत नव्हतं. “मेव्हण्याचं खातं आहे,” म्हणाला. बिल मागितलं तर “जुन्या वस्तूंना बिल नसतं.” वर एक पितळी होकायंत्र भेट म्हणून ठेवून गेला. त्यावर ‘केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, 1917’ असं कोरलेलं.

जाताना एक गोष्ट मात्र बजावून गेला. पितळेला चिंच-कोकम लावू नका, काळेपणा गेला की किंमत जाते. ही गोष्ट अर्धी खरी आहे. जुन्या धातूवर चढलेला थर संग्राहक जपतातच. पण त्याच सल्ल्याच्या आडोशाला बनावट मालही वर्षानुवर्षं सुरक्षित राहतो, कारण कुणी घासून बघतच नाही.

पेटीनं आपलं खरं रूप पावसात दाखवलं. आर्द्रा लागल्या आणि तळाची फळी फुगून तिचे पापुद्रे सुटले. ते प्लायवूड होतं. खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर तपकिरी डाग उतरले, आणि पेटी उघडली की बूटपॉलिशचा वास यायला लागला. मग पेटीखाली पिठासारखा बारीक भुसा दिसू लागला. आमचे सुतार मेस्त्री गणपतीच्या मखराच्या कामाला आले होते, त्यांनी नखानं खरवडून बघितलं आणि हसले. “वयनीनू, ह्या लाकूड आंब्याचा आसा. सागवान खंय?”

त्यांनी पेटी उलटी केली आणि मग तासभर आम्हाला जे दाखवलं ते या सगळ्यात सर्वांत उपयोगी. बिजागऱ्यांचे स्क्रू अधिकच्या चिन्हासारख्या (+) खाचेचे होते, वरून काळा रंग फासलेला. तसे स्क्रू 1930 च्या दशकात आले. एवढंच कशाला, टोकदार अणीचे कारखानी स्क्रूसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे, त्याआधीच्या स्क्रूंना पुढे टोकच नसायचं. अर्थात जुन्या पेटीची बिजागरी कुणी मधल्या काळात बदललेली असू शकते, म्हणून एकट्या स्क्रूवरून निवाडा करू नये. पण इथे स्क्रूच्या आसपास आधीच्या बिजागरीची एकही खूण नव्हती. किडीची भोकं दोन जातींची निघाली. काही ड्रिलनं पाडलेली, सगळी एका मापाची, सरळ आत गेलेली, जुनेपणा दाखवायला. आणि काही खऱ्या भुंग्याची, ताजी, पीठ गळणारी. म्हणजे खोट्या किडीच्या शेजारी खरी कीड फुकट मिळाली होती.

झीज कुठे आहे ते बघा, मेस्त्री म्हणाले. शंभर वर्षं वापरलेल्या पेटीचं झाकण जिथे बोटं लागतात तिथे गुळगुळीत होतं, तळाचे कोपरे फरशीवर ओढून झिजतात. आमच्या पेटीला ओरखडे सगळीकडे सारखे होते, साखळीनं मारल्यासारखे. आतली बाजूही बाहेरइतकीच काळी. खऱ्या पेटीत जिथे हवा लागत नाही तिथे लाकडाचा रंग वेगळा राहतो. पितळी पट्टीला आमच्या फ्रीजवरचं लोहचुंबक लावलं तर चटकन चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत नाही. कोकमाचं आगळ लावून घासलं तेव्हा वरचा मुलामा गेला आणि खालचा पत्रा दिसला.

होकायंत्राची गंमत भाच्यानं सांगितली. केल्विन आणि ह्यूजेस ही जहाजी उपकरणं बनवणारी दोन वेगवेगळी घराणी 1947 मध्ये एकत्र आली. त्या जोडनावावर 1917 कसं पडणार? मुरादाबाद आणि रुरकीकडे असल्या शोभेच्या जहाजी वस्तू ढिगानं बनतात. शोभेच्या म्हणून, नव्या म्हणून विकल्या तर त्यात वाईट काहीच नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतून किंवा राजवाड्यातून गंजिफांची, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांची, रंगवलेली पेटी आणा, ती कालची असते आणि कुणी तुम्हाला ती डचांची म्हणून गळ्यात मारत नाही. मी आता कोनाड्यात तीच ठेवली आहे.

पेटी आम्ही अंगणात नेली. मेस्त्रींनी ओटीच्या फणसाच्या खांबात एक-दोन ठिकाणी सिरिंजनं औषध सोडलं, कारण भुंगा तिथवर गेल्याची शंका होती. त्या खांबाला काही झालं असतं तर ₹17,100 किरकोळ वाटले असते.

सगळ्यात जास्त चीड आली ती दिवाळीच्या सुमारास. सावंतवाडीच्या एका ओळखीच्या बाईंनी त्या माणसाच्या स्टेटसवरचा फोटो पाठवला. ‘अँटिक पानदान, ₹9,500.’ झाकणाच्या आत ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आजेसासूबाईंचं नाव आणि गावाचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. किलोनं नेलेला डबा आता नगावर विकायला होता. यांनी फोन केला तर उचलून “काका, तो गेला,” एवढंच म्हणाला. नंतर आमचा नंबर ब्लॉक केला.

तक्रारीचं सांगते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आम्ही नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण बिल नाही, विकणाऱ्याचं खरं नाव नाही, पत्ता नाही, मग नोटीस पाठवायची कुणाला? हाताशी आहे ते फक्त पैसे पाठवल्याची नोंद आणि त्या मेव्हण्याचं खातं. त्यावर पोलिसांत अर्ज दिलाय.

एक प्रश्न मात्र कुणीही दारातच विचारू शकतो. 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरातन धरली जाऊ शकते, आणि पुरातन वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. “दोनशे वर्षांची आहे” म्हणणाऱ्याकडे परवाना मागा. शेजारच्या गावातल्या एका काकांनी मागितला, तर तीच पेटी तिथल्या तिथे “तशी चाळीस-पन्नास वर्षांची” झाली.

टेम्पो गणपतीच्या आधी जास्त फिरतो, घरं रंगवायला काढलेली असतात तेव्हा. माळ्यावर त्याला चढू देऊ नका. भांडी द्यायचीच असतील तर तालुक्याच्या गावी तांब्या-पितळेचा आणि मोडीचा भाव विचारून, आपल्या काट्यावर वजन करून द्या, आणि नाव घातलेल्या भांड्यांचे आधी फोटो काढून ठेवा. आणि पांढऱ्या टेम्पोत कुणाला आतून ठिपक्यांत नाव घातलेला पितळी पानाचा डबा दिसला, तर आधी मला कळवा. तो आम्हाला परत हवाय.