लवंग तेलाचं तणनाशक: पावसाळाभर वापरल्यावर

लवंग तेलाने तण जळतं, यात शंका नाही. ते मरतं का, हे मात्र तण कुठलं आणि केवढं वाढलंय त्यावर. पेव्हर ब्लॉकच्या फटी, कंपाउंडची कड आणि कुंड्यांमधली वाट, एवढ्या जागेवर जूनपासून दिवाळीपर्यंत हेच फवारलं.

प्रमाण असं: १ लिटर पाण्याला ५० मिलि तेल आणि १० मिलि ट्वीन-८० (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य). आधी तेल आणि ट्वीन कोरड्या बाटलीत मिसळायचं, मग थोडं थोडं पाणी घालत हलवत राहायचं. दुधासारखं पांढरं झालं की जमलं. तेल थेट पाण्यात ओतलंत तर ते तळाशी बसतं, कारण लवंग तेल पाण्यापेक्षा जड. पंपाची नळी तळातून ओढते. मग सुरुवातीला नुसतं तेल, शेवटी नुसतं पाणी. एक कोपरा करपलेला, दुसरा हिरवागार. ट्वीनऐवजी कपड्यांच्या साबणाचं पाणी नको. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात साबण फाटतो आणि नोझल तुंबतं.

तेलातलं युजेनॉल पेशींचं आवरण फोडतं. कडक उन्हात काही तासांत पान काळपट, पाणी भरल्यासारखं दिसतं, दुसऱ्या दिवशी वाळतं. पण मुळाकडे काहीच जात नाही, आणि जिथे थेंब पडला नाही तेवढा भाग हिरवाच राहतो. म्हणून पान पुरतं भिजवावं लागतं. १ लिटर जेमतेम १० चौरस मीटरला पुरतं. दव असताना किंवा पाऊस तोंडावर असताना फवारणं म्हणजे पैसे ओतणं.

तांदुळजा, दुधी (भोपळा नव्हे, चिकाचं तण), गाजरगवत दोन-चार पानांवर असताना एका फवारणीत संपतं. गाजरगवत फुलावर आलं की पानं जळतात, खोड पुन्हा फुटतं. घोळीच्या गुळगुळीत, जाड पानांवरून थेंब ओघळतात. केना पेरांतून फुटतो. हरळी आणि लव्हाळा? नाद सोडा. वरचं जळतं, खालच्या गाठी शाबूत. पंधरवड्यात कोंब वर. तिथे खुरपंच. जमिनीतल्या बियांवरही परिणाम शून्य, त्यामुळे पावसाळ्यात फवारणी परत परत आलीच.

शेतासाठी विचारणाऱ्यांनी हिशेब करावा: याच प्रमाणाने एकरी ४०० लिटर द्रावण, म्हणजे २० लिटर तेल. शिवाय पीक कुठलं, तण कुठलं हे याला कळत नाही. गुलाबाच्या पानावर तुषार गेले तर तेही करपतं.

‘नैसर्गिक’ म्हणून हातमोजे, चष्मा टाळू नका. तेल त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतं. मांजर किंवा माशांची टाकी असेल तर तिथे नकोच. उरलेलं द्रावण पंपात रात्रभर ठेवलं तर रबरी वायसर फुगतात आणि दांडा अडकतो. काम झालं की लगेच भांड्यांच्या लिक्विडचं पाणी नोझलमधून सोडून पंप धुवायचा.