साखरपुड्याआधीचे फोटो: रंकाळा निवडावा की पन्हाळा?

कोल्हापुरात सुपारी फुटली की मुहूर्त, कार्यालय आणि देण्याघेण्याच्या याद्यांबरोबर प्री-वेडिंगचा विषयही आता घरात निघतो, आणि बहुतेक जोडप्यांचे घोडे शेवटी दोन नावांपाशी येऊन अडते: रंकाळा तलाव आणि पन्हाळगड. दोन्ही ठिकाणी उत्तम छायाचित्रे मिळतात, याबद्दल वाद नाही. मात्र निवड करताना सगळे लक्ष पार्श्वभूमीकडे जाते आणि ज्यांचे फोटो काढायचे त्या दोघांचा विचार मागे पडतो. ठरवून होणाऱ्या लग्नात दोघांची ओळख काही आठवड्यांचीच असते. त्यांना कॅमेऱ्यासमोर जवळ उभे राहायलाही संकोच वाटतो, आणि पहिला अर्धा तास हात कुठे ठेवावेत याच विवंचनेत जातो. अशा जोडप्यांनी रंकाळा निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण रंकाळ्यावर पुन्हा जाता येते. आधी एखाद्या संध्याकाळी साध्या कपड्यांत, छायाचित्रकाराला बरोबर घेऊन नुसती फेरी मारली, चार फोटो काढून पाहिले, तर खऱ्या दिवशी चेहऱ्यावरचा ताण निम्मा झालेला असतो. पन्हाळ्याला अशी रंगीत तालीम परवडत नाही; तिथे जे काही साधायचे ते एकाच दिवशी साधावे लागते.

प्रकाशाच्या बाबतीत रंकाळ्याचे पारडे संध्याकाळी जड असते. तलाव शहराच्या पश्चिमेला असल्यामुळे चौपाटीच्या बाजूने पाहिले की सूर्य पाण्यापलीकडे मावळताना दिसतो. सूर्य खाली उतरला की प्रकाश समोरून तर येतोच, शिवाय पाण्यावरून परावर्तित होऊन हनुवटीखालची आणि डोळ्यांखालची सावलीही उजळवतो. स्टुडिओत जे काम पांढऱ्या पडद्याकडून करून घ्यावे लागते, ते येथे तलाव करतो. आबालाल रहिमान यांच्यासारख्या चित्रकाराला हा परिसर पुन्हा पुन्हा रंगवावासा वाटला, यामागे हाच प्रकाश असावा असे मला वाटते. जोडप्याने पाण्याकडे पाठ केली तर आकाशाच्या पार्श्वभूमीवर केवळ आकृत्या दिसतात, पाण्याकडे तोंड केले तर चेहरे सोनेरी उजळतात, आणि हे दोन्ही प्रकार चार पावलांच्या अंतरावर मिळतात. अंबाबाईच्या मंदिरात मावळतीची किरणे मूर्तीवर पडतात त्या किरणोत्सवामुळे मावळतीच्या किरणांची वेळ सांभाळणे म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, तर मे महिन्याच्या अखेरीस सातच्या सुमारास. त्याआधी किमान दीड तास तयार होऊन काठावर पोहोचलेले असावे. सूर्य बुडाल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटेही सोडू नयेत, कारण त्या निळसर उजेडात पैठणीचे रंग फार खुलून येतात.

रंकाळ्याची अडचण म्हणजे गर्दी. रविवारी सायंकाळी चौपाटीवर भेळेच्या गाड्या, लहान मुले आणि फिरायला आलेली कुटुंबे यांच्यामधून मोकळी चौकट शोधणे कठीण जाते, आणि ओळखीचे कोणी ना कोणी हमखास भेटते. भिडस्त स्वभावाच्या जोडप्याने आठवड्याच्या मधला दिवस घ्यावा किंवा सूर्योदयाची वेळ ठरवावी. सकाळी फिरायला येणारी मंडळी असतात, पण ती थांबून पाहत बसत नाहीत. सकाळी सूर्य शहराच्या बाजूने वर येतो आणि समोरचा काठ उजळतो, त्यामुळे पार्श्वभूमीला शालिनी पॅलेस हवा असेल तर हीच वेळ योग्य ठरते. १९३१ ते १९३४ या काळात बांधलेली ही वास्तू दुरूनही ठसठशीत दिसते. आदल्या दिवशी एक चक्कर मारून पाण्यावर जलपर्णी किंवा शेवाळ किती आहे, हे पाहून ठेवावे. तलावातला दगडी संध्यामठ हवा असेल तर उन्हाळा गाठावा, कारण पावसाळ्यात पाणी वाढले की तो बुडू लागतो.

पन्हाळा शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे, परंतु ते वीस किलोमीटर संपूर्ण दिवस घेतात. येथे प्रकाश दोन टोकांना वाटला गेला आहे: सज्जाकोठी पूर्वेकडच्या कड्यावर, तर तीन दरवाजा पश्चिमेच्या तटात. म्हणून सकाळ सज्जाकोठीकडे आणि दुपारनंतरचा वेळ तीन दरवाजाकडे, असा क्रम लावला तर ऊन नेहमी बाजूने मिळते. उलटा क्रम लावला तर दोन्हीकडे प्रकाश मनासारखा मिळत नाही. पन्हाळ्याची खरी श्रीमंती मात्र सावलीत आहे. भर दुपारी, रंकाळ्यावर कॅमेरा काढायचीही सोय नसते अशा वेळी, जाड दगडी कमानीच्या आत मऊ, एकसारखा उजेड असतो आणि त्यात डोळे मिचकावावे लागत नाहीत. त्या काळपट दगडासमोर मोतिया, हळदी, आमसुली असे रंग उठून दिसतात, तर गर्द निळा किंवा काळा रंग भिंतीतच विरून जातो.

वाऱ्याचा विचार मात्र गडावर निघण्याआधीच करावा लागतो. सज्जाकोठीच्या कड्यावर पदर एका जागी राहत नाही, फेट्याचा शेमला तोंडावर येतो आणि मोकळे सोडलेले केस दहा मिनिटांत विस्कटतात. खांद्यावर दोन आणि कमरेजवळ एक पिन, सैल अंबाडा किंवा वेणी, आणि सोबत वहिनी किंवा बहीण असेल तर तिच्याजवळ कंगवा व जास्तीच्या पिना, एवढी तयारी पुरते. कपडे बदलायला मुलीला चांगली जागा हवी, म्हणून गडावर एखादी खोली आधीच घेऊन ठेवावी. गाडीत आडोसा करून साडी नेसण्याची वेळ तिच्यावर आणू नये. रंकाळ्याजवळ पाहुण्यांचे किंवा स्वतःचे घर असते, त्यामुळे हा खर्च आणि हा संकोच दोन्ही टळतात. खर्चाचा बाकी फरकही इथूनच पडतो: गाडी, खोली, सर्वांचे जेवण आणि छायाचित्रकाराचा अर्ध्याऐवजी पूर्ण दिवस.

पावसाळ्यातला पन्हाळा अनेकांच्या मनात असतो. धुके उतरले की सगळे दृश्य मोजक्या रंगांत आटोपते आणि दोघांच्या चेहऱ्यांखेरीज काही दिसत नाही. मला स्वतःला हे फोटो सर्वांत जास्त आवडतात. तरीही जुलै-ऑगस्टमधली तारीख पक्की करताना पर्यायी दिवस हाताशी असलाच पाहिजे. पंचगंगेला पूर आला की वाटेवरच्या केर्ली गावाजवळ रस्त्यावर पाणी येते, आणि २०२१ च्या जुलैमध्ये तर गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता. चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या दिवसांतही हा रस्ता टाळावा.

आणखी एक गोष्ट पूर्ण गांभीर्याने सांगावीशी वाटते. पन्हाळा ही केवळ देखणी पार्श्वभूमी नाही. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा याच गडाला पडला होता आणि शिवाजी महाराज येथूनच विशाळगडाकडे निसटले. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून गडाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गडावरील प्री-वेडिंगला अनेक शिवप्रेमींचा विरोध आहे, आणि त्यांची भावना मला योग्य वाटते. तेथे फोटो काढायचेच असतील तर पोशाख आणि वागणे दोन्ही मर्यादेत असावे, तटावर चढू नये, रंगीत धूर सोडू नये. ट्रायपॉड आणि दिवे लावून काम करायचे असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि हे काम छायाचित्रकार करणार की तुम्ही, हे स्पष्ट ठरवून घ्यावे. ज्यांना मोकळेढाकळे, मिठीतले फोटो हवे आहेत त्यांनी गड सोडून द्यावा.

न्यू पॅलेसचा विचार अनेकजण करतात, परंतु ते राजघराण्याचे निवासस्थान आणि संग्रहालय आहे; तेथील नियम विचारल्याशिवाय बेत आखू नये. ड्रोन हवा असेल तर उजळाईवाडीच्या विमानतळामुळे लागू होणारे निर्बंध ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशावर तपासावेत.

ठिकाण कोणतेही ठरले तरी पायांकडे दुर्लक्ष करू नये. फोटोसाठी म्हणून नवी कोल्हापुरी चप्पल घेतली जाते आणि ती त्याच दिवशी पहिल्यांदा घातली जाते. अंगठ्याजवळ ती चावू लागली की अर्ध्या तासात चालण्यात आणि मग चेहऱ्यावरही ते दिसू लागते. आठवडाभर आधी ती घेऊन, आतल्या बाजूने हलके तेल लावून, रोज थोडा वेळ घरात वापरावी. गळ्यात कोल्हापुरी साज घालायचा असेल तर ब्लाउजचा गळा साधा आणि एकरंगी ठेवावा, नाहीतर त्याची पाने जरीच्या गर्दीत दिसतच नाहीत. भुवया दोन दिवस आधी आणि मुलाचे केस चार-पाच दिवस आधी करून घ्यावेत. मेंदी आदल्या दिवशी सकाळी काढली तर रंग चढायला पुरेसा वेळ मिळतो.

पैसे ठरवताना किती फोटो संपादित (एडिट) करून मिळणार, किती दिवसांत मिळणार आणि पावसामुळे दिवस वाया गेला तर दुसरी तारीख त्याच दरात मिळणार का, हे लिहून घ्यावे. हे फोटो छायाचित्रकार स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकणार का, हा प्रश्न आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारावा आणि त्याचे उत्तर दोन्ही घरांच्या कानावर घालावे, कारण साखरपुड्याआधी मुलीचा फोटो जगजाहीर होणे अनेक कुटुंबांना रुचत नाही आणि त्यावरून उद्भवणारी कटुता नंतर निस्तरणे अवघड जाते.