एकाच नंबरच्या दोन पॉलिसी : घरी बांधत असलेल्या विमानाच्या विम्यात मी कसा फसलो

माझ्याकडे एकाच नंबरच्या दोन पॉलिसी आहेत. एकीवर लिहिलंय, ‘निर्माणाधीन विमान, किट व इंजिनासह, विमा रक्कम २७ लाख रुपये’. दुसरीवर लिहिलंय, ‘राहते घर व घरगुती सामान’. पहिली मला ईमेलवर आली होती. दुसरी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये होती, आणि खरी तीच होती.

हवाई दलात वीस वर्षं एअरफ्रेमच्या, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या, कामावर होतो. निवृत्तीनंतर नागपुरातच स्थायिक झालो आणि अंबाझरी लेआउटजवळच्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये दोन आसनी विमान बांधायला घेतलं. किट परदेशातून मागवलं, अजनीच्या कंटेनर डेपोतून सोडवून आणलं. दोन वर्षांत शेपटीचे भाग पूर्ण होऊन भिंतीवर टांगले गेले, डावा पंख टेबलावर अर्धा रिव्हेट झाला. रोटॅक्स ९१२ इंजिन लाकडी पॅलेटवर त्याच्या पेटीतच होतं. एक दिवस बायको म्हणाली, “अहो, निम्मी जमापुंजी गॅरेजमध्ये पडून आहे. उद्या आग लागली, चोरी झाली, तर काय करायचं?” तिचं बरोबर होतं.

विम्याची अडचण अशी, की बांधकामातलं विमान विमा कंपनीच्या लेखी अजून विमान नसतंच. विमानाची ‘हल’ पॉलिसी, म्हणजे खुद्द विमानाच्या नुकसानीचा विमा, मागितली की पहिले तीन प्रश्न येतात : नोंदणी चिन्ह कोणतं, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र आहे का, वैमानिकाचं लायसन्स कोणाचं. गॅरेजमधल्या विमानाकडे यातलं काहीच नसतं. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं, पण त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली २०१७ मध्ये. इतकी वर्षं विमान नुसती एक वस्तू म्हणून उभं असतं. अमेरिकेत या काळासाठी ‘बिल्डर्स रिस्क’ नावाची वेगळी पॉलिसी मिळते. सुटे भाग आले की त्यांची किंमत त्यात वाढवत न्यायची, आणि विमान स्वतःच्या बळावर हलेपर्यंत ती चालते. तिकडूनच घ्यावी असं माझ्या मनात आलं होतं. पण आपल्या विमा कायद्याच्या कलम २ सीबीप्रमाणे भारतातल्या मालमत्तेचा विमा, विमा नियामक प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय परदेशी कंपनीकडे काढता येत नाही. सदर आणि रामदासपेठेतल्या चार कंपन्यांच्या कार्यालयांत गेलो. चौघांनीही तेच तीन प्रश्न विचारले आणि हात जोडले.

मग तो एजंट भेटला. जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने ओळख करून दिली. स्वच्छ कपडे, हातात फाईल, बोलणं अगदी घरच्यासारखं. गॅरेजमध्ये आला, पंखावरून हात फिरवला, इंजिनाच्या पेटीचे फोटो काढले, पावत्यांच्या झेरॉक्स घेतल्या. “तुम्ही टेन्शनच नका घेऊ सर. हे काम इथल्या ऑफिसात होतच नाही, मुंबईच्या एव्हिएशन डेस्कवरून काढून आणतो मी. आपली माणसं आहेत तिथं.” चार ठिकाणी नकार ऐकून आलेल्या माणसाला हेच ऐकायचं असतं.

जून २०२३ मध्ये मी ४८,३८० रुपये भरले : ४१,००० प्रीमियम आणि १८ टक्के जीएसटी. चेक कंपनीच्या नावाने लिहायला घेतला तर तो म्हणाला, “मुंबईच्या डेस्कचं पेमेंट आमच्या फर्मवरून जातं सर, एनईएफटीने सोपं पडेल.” खात्याचं नाव त्याच्या फर्मचं होतं. दुसऱ्या दिवशी तीन हजार रुपये रोख आणून दिले, ‘माझ्या कमिशनमधून, तुम्ही फौजी माणूस’ म्हणून. मला त्यात आपुलकी दिसली. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार एजंटला आपल्या कमिशनमधून ग्राहकाला सूट देता येत नाही, तो गुन्हा आहे, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पॉलिसीची पीडीएफ आली. मी तपासली नाही असं नाही, आणि तुम्ही नेमकं इथेच लक्ष द्यावं अशी माझी विनंती आहे. कंपनीच्या वेबसाइटवर पॉलिसी नंबर टाकला. माझं नाव आलं, पत्ता बरोबर, ‘पॉलिसी चालू’ असं हिरव्या अक्षरांत. मी निश्चिंत झालो. विमा कशाचा, किती रकमेचा, हे त्या पानावर नव्हतं आणि ते मी कंपनीला विचारलंही नाही. पीडीएफमध्ये नोंदणी चिन्हाच्या रकान्यात ‘प्रतीक्षेत’ आणि वैमानिकाच्या रकान्यात ‘लागू नाही’ होतं. चार कार्यालयं ज्या कारणाने नाही म्हणाली, ते कारण या कागदावर दोन शब्दांत मिटलं होतं.

२३ सप्टेंबरची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली. आम्ही दोघं गच्चीवर होतो. उजाडल्यावर गॅरेजच्या दारापर्यंत पोचलो तेव्हा पाणी छातीला लागत होतं. टेबल उलटलं होतं, पंख गाळात होता, इंजिनाची पेटी पाण्याखाली. भिंतीवरची शेपूट तेवढी कोरडी राहिली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ॲल्युमिनियम आहे, धुऊन पुसलं की झालं. तसं होत नाही. पत्र्यावर पत्रा चढवून रिव्हेट मारलेला असतो. त्या सांध्यात गाळाचं पाणी केशवाहिनीसारखं आत ओढलं जातं आणि महिनोन्‌महिने दमट राहतं. गंज तिथून सुरू होतो आणि वरून काहीच दिसत नाही. प्रत्येक संशयास्पद रिव्हेट ड्रिल करून काढायचा, पत्रे सोडवायचे, साफ करायचे, प्रायमर द्यायचा, नाहीतर तो पंख भंगारात. अशा पंखावर मी कुणाच्या लेकराला बसवणार नाही.

त्याला फोन केला. “लगेच क्लेम टाकतो सर.” दोन दिवसांनी फोन बंद. मीच कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर दावा नोंदवला. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर आठव्या दिवशी आला, वयस्कर, शांत माणूस. चिखलात चप्पल काढून आत आला. गॅरेजमध्ये उभा राहून बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “साहेब, तुमच्याकडची पॉलिसी दाखवता का?” मी प्रिंट दिली. त्याने आपल्या पिशवीतून स्वतःची काढली आणि दोन्ही बोनेटवर शेजारी शेजारी ठेवल्या. नंबर एक, तारीख एक, नाव एक. माझ्या कागदावर प्रीमियम ४८,३८०. त्याच्या कागदावर ४,१३०. माझ्याकडे विमान, त्याच्याकडे घर आणि घरगुती सामान. “घरगुती सामानात विमानाचं इंजिन मी कसं लिहू, सांगा,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटणं होतं. बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली.

म्हणजे त्याने माझ्या नावावर खरी, स्वस्त घरविम्याची पॉलिसी काढली, तिची पीडीएफ बदलली आणि उरलेले पैसे ठेवले. कंपनीच्या यादीत तो एजंट म्हणून नव्हताच. दुसऱ्याच कुणाच्या एजंट कोडवर काम करत होता. कायद्याने एजंटने घेतलेला प्रीमियम चोवीस तासांत कंपनीकडे पोचवायचा असतो, आणि कंपनी जोखीम पत्करते ती तिच्याकडे जमा झालेल्या प्रीमियमवर. कंपनीने फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग यांचे १,१२,००० रुपये दिले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पोलिसांत गुन्हा नोंदवला : फसवणूक, मौल्यवान दस्तऐवजाची बनावट आणि बनावट कागद खरा म्हणून वापरणं. माझ्या बाजूने उभं राहिलं ते माझं बांधकामाचं रजिस्टर. रोजचे तास, फोटो, प्रत्येक पावती, अजनीतून माल सोडवतानाची कागदपत्रं. रजिस्टर वरच्या खोलीत होतं म्हणून वाचलं. तुम्ही काहीही बांधत असाल, तर त्याची एक प्रत घराबाहेर, नातेवाइकाकडे ठेवा.

पॉलिसी हातात आल्यावर कंपनीच्या अधिकृत ईमेलवर फक्त एवढं लिहा : ‘या नंबरच्या पॉलिसीचं शेड्यूल आणि प्रीमियमची पावती मला तुमच्याकडून थेट पाठवा.’ शेड्यूल म्हणजे विमा कशाचा आणि किती रकमेचा हे सांगणारं पॉलिसीचं पान. आलेलं शेड्यूल आणि एजंटने दिलेलं शेड्यूल ओळीनं ओळ ताडून पाहा. मी हे जूनमध्ये केलं असतं तर सप्टेंबरआधी तीन महिने हातात होते. पैसे फक्त कंपनीच्या नावाने. तक्रारीला कंपनीने महिन्याभरात उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नागपूरकरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे आणि फी लागत नाही. मात्र माझ्यासारख्या प्रकरणात, जिथे एजंटच तोतया आहे, तिथे पोलिसांचा रस्ता आधी धरावा लागतो.

गेल्या वर्षी मी पुन्हा प्रयत्न केला, यावेळी ‘विमान’ हा शब्द न धरता. एका कंपनीच्या शाखाधिकारी बाईंसमोर फोटो आणि पावत्या ठेवल्या आणि सरळ विचारलं, की यातल्या प्रत्येक वस्तूचं नाव आणि किंमत लिहून आग व पुराचा विमा देता का. त्यांनी वरच्या कार्यालयाची लेखी मंजुरी आणली. शेड्यूलमध्ये आता ‘ॲल्युमिनियम पत्र्याचे जोडलेले भाग, डावा पंख’, ‘इंजिन, पेटीबंद, न चालवलेले’ असं स्वच्छ लिहिलंय. पूर आणि पाणी साचणं यांचा उल्लेख मी स्वतः बोट ठेवून वाचून घेतला. चोरीचा विमा वेगळा आहे. माझ्या श्रमाचे तास त्यात नाहीत, फक्त सामान आहे, आणि इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी त्यांना कळवायचं आहे.

खटला अजून उभा राहिलेला नाही. त्याची फर्म बंद आहे. पंखाचे रिव्हेट मी एक एक करून काढतोय, आतापर्यंत सहाशेच्या वर निघाले. मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, वाचेल असं वाटतंय. इंजिन उघडण्याची हिंमत अजून झालेली नाही.