चार टक्क्यांची वाट बघू, की अठरा हजारांची नोकरी धरू?

परवा एक मुलगी वडिलांसोबत घरी आली होती. बीकॉम, पूर्ण अंध, कॉम्प्युटरवर हात बसलेला. "काका, प्रायव्हेटमध्ये अठरा हजारांची ऑफर आलीये. बाबा म्हणतात, सरकारी परीक्षाच दे." माझा डावा पाय पोलिओत गेला. आधी सात वर्षं खासगी कंपनीत काढली, पुढची सगळी सरकारी कचेरीत. म्हणून असे प्रश्न माझ्याकडे येतात.

सरकारी बाजू आधी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने आरक्षण ३ वरून ४ टक्के केलं: अंध-अल्पदृष्टी १, कर्णबधिर १, अस्थिव्यंग वगैरे १, आणि उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांग वगैरे सगळ्यांत मिळून. दिव्यांगत्वाचा दाखला किमान ४० टक्क्यांचा लागतो. राज्य सेवेत वयाची अट ४५ पर्यंत शिथिल आहे, परीक्षेत लेखनिक (आपण सांगू ते उत्तर लिहिणारा) मिळतो, तासाला २० मिनिटं जादा मिळतात. ऐकायला छानच. पण जाहिरात आली की एकूण जागांचा आकडा बघून हुरळू नका. हे पद तुमच्या प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी सुनिश्चित केलंय का, ते आधी बघा. शंभर जागा निघतात आणि आपल्या वाट्याला एक येते, तीही भलत्याच प्रवर्गाची. परीक्षा, निकाल, कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी यांत वर्षं जातात. तोवर घर कोण चालवणार, ते आधी ठरवा.

एकदा आत गेलात की मात्र चित्र उलटं होतं. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं किंवा वाढलं, तरी सरकारी आस्थापनेला तुम्हाला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद द्यावं लागतं, तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पद निर्माण करावं लागतं. ज्यांचा आजार वाढत जाणारा आहे (डोळ्यांचा पडदा निकामी होत जाणं, स्नायूंचा क्षय) त्यांनी या एका कलमासाठी दोन-तीन वर्षं घासावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकारी कचेरीतलं दुखणं वेगळं आहे. मला पहिले सहा महिने कोणी कामच दिलं नाही. "तुम्ही बसा हो, आम्ही करतो." प्रेमानेच म्हणायचे, पण बढतीच्या वेळी अनुभवाचा रकाना कोरा राहिला. अंध सहकाऱ्यांचा ताप आणखी निराळा. जुन्या फाइली युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांत) नाहीत, त्यामुळे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, मराठी परिपत्रक वाचायला घेतो आणि तोंडातून नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी बाहेर पडते.

खासगीत शिरणं त्यामानाने सोपं. मुंबईत सायनला केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं करिअर सेवा केंद्र आहे, तिथे नाव नोंदवता येतं. पण कायदा इथे मवाळ आहे. ५ टक्के दिव्यांग घ्या म्हणून सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं, एवढंच तो म्हणतो. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करून दिव्यांगांसाठीच्या सोयी त्यात लिहायच्या असतात. ते धोरण मुलाखतीतच मागा. एचआरच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटलं तर काय ते समजा.

माझ्या कंपनीने पाचव्या वर्षी जागा बदलली. नव्या बिल्डिंगला लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत चार पायऱ्या, आणि संडास अर्धा जिना वर. कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) घालून दिवसातून दोनदाच जमायचं, म्हणून दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. मे महिन्यात लघवीला जळजळ सुरू झाली. तरी दोन वर्षं रेटलं, मग राजीनामा दिला. कोणी काढलं नव्हतं हो. रेकॉर्डवर मीच सोडून गेलो.

खासगीत चांगलं काही नसतं असं मात्र नाही. मुंबईच्या मिरॅकल कुरिअर्सने कर्णबधिर मुलांवरच धंदा उभा केला. जुहूचं कॅफे अर्पण बौद्धिक अक्षमता असलेली मुलं-माणसं चालवतात. अशा मुलांसाठी तर मी परीक्षेचा नाद सोडायला सांगेन. त्यांना पहिले काही महिने शेजारी उभं राहून काम शिकवणारा माणूस हवा, आणि तो अशा ठिकाणीच मिळतो.

स्वतःच्या धंद्याबद्दल थोडक्यात. दिव्यांग वित्त महामंडळाचं कर्ज आहे, फिरत्या दुकानाच्या गाडीची योजना आहे. जामीनदार कोण राहणार, ते आधी बघा. आणि आमच्या पिढीचे पिवळे पीसीओ बूथ आठवा: कित्येक अपंगांचे संसार त्यावर चालले, मोबाइल आला आणि डबडी उरली. योजनेतून मिळालेल्या एकाच खोक्यावर बसून राहू नका.

त्या मुलीला म्हटलं, सही करण्याआधी एकदा ऑफिसात जाऊन त्यांच्या मशीनवर बस, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर टाकून बघ, फुकटच आहे. गेली. बिलांची स्क्रीन उघडली तर प्रत्येक ठिकाणी नुसतं "बटन, बटन, बटन". कुठलं बटन कशाचं, ते सांगतच नाही. सॉफ्टवेअरवाल्याला विचारून सोमवारी कळवतो म्हणालेत. तोवर वडिलांनी लिपिक भरतीचा फॉर्म भरून ठेवलाय.