पोस्ट-डॉक: सोलापुरातला प्रकल्प की बाहेरची फेलोशिप?

पीएचडीची व्हायव्हा (तोंडी परीक्षा) संपली की सोलापुरातल्या विज्ञानाच्या संशोधकापुढे पोस्ट-डॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या, बहुधा दोन वाटा असतात. एक, ओळखीच्या प्राध्यापकांच्या प्रकल्पावर सहयोगी संशोधक म्हणून इथेच राहणे. दुसरी, स्वतःच्या नावाची फेलोशिप मिळवून पुणे, मुंबई किंवा परदेश गाठणे. माझ्या मते निवड करताना गावाच्या आधी पगार कोणाच्या नावाने मंजूर होतो, हे पाहावे.

प्रकल्पावरची जागा लवकर मिळते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या २०२३ च्या दरांनुसार सहयोगी संशोधकाला श्रेणीप्रमाणे दरमहा ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. या भत्त्यासाठीच्या शहरांच्या वर्गवारीत पुणे-मुंबई ‘एक्स’ वर्गात आणि सोलापूर ‘वाय’ वर्गात असल्यामुळे इथला भत्ता कमी असला, तरी पुण्यात पाषाण-बाणेरचे भाडे भरणाऱ्यापेक्षा जुळे सोलापुरात राहणाऱ्याच्या हाती महिनाअखेर अधिक उरते. मात्र प्रकल्प संपला की जागाही संपते. मी ज्या प्रकल्पावर होतो त्याचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता सात महिने रखडला आणि तेवढे महिने मी बिनपगारी काम केले.

राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते, उमेदवाराच्या नावावर मंजूर होते आणि तिच्यासोबत संशोधनासाठी अनुदानही येते. तिच्यासाठी मार्गदर्शक शोधून प्रस्ताव लिहिण्यात आणि निकालाची वाट पाहण्यात कित्येक महिने जातात, म्हणून प्रबंध सादर करण्यापूर्वीच ही तयारी सुरू झालेली बरी.

उपकरणांच्या बाबतीत अंतर मोठे आहे. थिन फिल्मचे (अतिशय पातळ थरांचे) नमुने बटर पेपरात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात कापसावर ठेवून मी पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला नेत असे; इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर मिळालेल्या तासाभरात एक नमुना बिघडला, की पुढची तारीख मिळेपर्यंत काम थांबे. पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा आयसर या विज्ञान संस्थेत काम करणाऱ्याला हीच चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते. वनस्पतिरोगशास्त्राचे गणित मात्र उलट आहे: डाळिंबावरील तेल्या रोगावर काम करायचे असेल, तर बागाही इथे आणि केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच, त्यामुळे अशा संशोधकाने पुण्याला जाण्याची घाई करू नये.

परदेशाचा विचार असेल, तर मुदती आधी तपासाव्यात. युरोपच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिपसाठी पीएचडीनंतरचा संशोधनकाळ आठ वर्षांपेक्षा जास्त नसावा लागतो. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपच्या पोस्ट-डॉक गटासाठी पीएचडी होऊन चार वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेला नसावा. दक्षिण कोरियातील अनेक जागा प्राध्यापकांच्या प्रकल्पावरच्या असतात, तेव्हा तिथेही करार किती काळाचा आहे, हे पत्रातच विचारावे.

पुढे सहायक प्राध्यापक व्हायचे असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठांतील निवडीच्या प्राथमिक छाननीसाठी अध्यापन किंवा पोस्ट-डॉकच्या प्रत्येक वर्षाला दोन, असे जास्तीत जास्त दहा गुण आहेत, आणि शोधनिबंधांनाही प्रत्येकी दोन, कमाल दहा. अनुभवाचे गुण दोन्ही वाटांवर सारखेच. निबंधांचे गुण मात्र उपकरण वेळेवर मिळण्यावर अवलंबून असतात. म्हणून पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राच्या उमेदवारांना मी फेलोशिपचीच शिफारस करीन. होकार कळवण्यापूर्वी एकदा त्या प्रयोगशाळेत जाऊन यावे आणि तिथल्या सध्याच्या पोस्ट-डॉकला, प्राध्यापक समोर नसताना, मागचा पगार कोणत्या तारखेला जमा झाला हे विचारावे.