चावी काढली तरी पंप घोंघावतोय? आधी रिले उपसा, पंपाला हात लावू देऊ नका

चावी काढून खिशात टाकली तरी मागच्या सीटखालून घूंऽऽ असा आवाज चालूच राहतो. अशा पेट्रोल गाडीला तपासणी न करता थेट नवा पंप सुचवणारा कारागीर एकतर अडाणी असतो, नाहीतर लबाड. कारण पेट्रोल पंप म्हणजे टाकीत बुडवलेली साधी मोटर. करंट आला की फिरते, तुटला की थांबते. कधी थांबायचं हे तिला स्वतःहून कळत नाही. पंप खराब झाला की प्रेशर कमी देतो, कण्हतो, नाहीतर बंद पडतो. चावी काढल्यावरही फिरतोय म्हणजे त्याला कुठूनतरी करंट मिळतोय, आणि नवा पंप टाकला तरी त्यालाही तो मिळणारच. हा करंट जोडायचं-तोडायचं काम रिले करतो, म्हणजे फ्यूज बॉक्समधला विजेवर चालणारा छोटा स्विच.

एरंडोलच्या पुढे हायवेवरच्या एका गॅरेजात रावेरकडच्या गिऱ्हाइकाला नेमकं इथेच गाठलं. "भाऊ, पंप खराब व्हयी गया," म्हणून सांगितलं, वर गाडी पेट घेईल अशी भीती घातली. पोऱ्या मागची सीट उचलत होता, तेवढ्यात उस्तादानं बॉनेट उघडून फ्यूज बॉक्सवर पान्यानं दोन-तीनदा टकटक केली. रिलेतला चिकटलेला पॉइंट, म्हणजे करंट जोडणारा धातूचा तुकडा, सुटला आणि आवाज थांबला. मग पंपाची अख्खी असेंब्ली बदलली, सात-आठ हजारांचं बिल झालं. जुना पंप 'कंपनीत जमा करावा लागतो' म्हणून ठेवून घेतला. असा चांगला जुना पंप पुढे दुसऱ्याच्या गाडीत 'नवा' म्हणून बसतो. आठवड्याभरात रिले पुन्हा चिकटला. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची आणि पंप ओढतो ४ ते ६ अँपिअर, त्यामुळे रात्रभरात ती पार बसली. त्या टकटकीचा अर्थ मालकाला कळला तो दुसरीकडे तोच रिले उघडून काळे पडलेले पॉइंट दाखवले तेव्हा. रिले येतो दोन-चारशे रुपयांत.

तपासायला मल्टिमीटर पुरतो, आणि पहिली पायरी तर नुसत्या हातानं होते. आवाज मागूनच येतोय ना, हे आधी नीट ऐका. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात गाडी थांबवली की पुढचा रेडिएटर फॅन काही गाड्यांत चावी काढल्यावरही फिरतो. तो दोष नाही. चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद फिरून थांबतो, तेही बरोबरच आहे. आवाज खरंच सीटखालचा असेल, तर फ्यूज बॉक्सच्या झाकणावरची आकृती बघून पंपाचा रिले सरळ वर उपसा. सगळा निकाल इथेच लागतो.

रिले काढल्यावर आवाज थांबला, तर त्याच्या ३० आणि ८७ या पायांवर बीपच्या सेटिंगवर ठेवलेला मीटर लावा. रिले हातात असताना तिथे बीप वाजता कामा नये. वाजला तर पॉइंट चिकटलाय, नवा रिले टाका. काही गाड्यांत पायांवर हे नंबर नसतात. तेव्हा रिलेच्या अंगावरची आकृती बघा. बीप नसेल, तर सॉकेटमध्ये ८५ आणि ८६ च्या खाचांत चावी बंद ठेवून व्होल्टेज मोजा. चावी काढून मिनिटभर झाल्यावरही १२ व्होल्ट येत असतील, तर कॉइलला, म्हणजे रिलेतला पॉइंट ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, कोणीतरी जागं ठेवतंय. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, सेंट्रल लॉक, म्युझिक सिस्टिम यांचे उलट करंट सोडणारे चुकीचे जोड आधी शोधा. ईसीयूवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, संशय सगळ्यात शेवटी. 'ईसीयू गेला' हे या धंद्यातलं दुसरं आवडतं वाक्य, आणि त्याचं बिल पंपाहून मोठं.

रिले हातात आहे आणि पंप तरीही फिरतोय? मग पूर्वी कोणीतरी पंपाला 'डायरेक्ट' वायर दिलीय, किंवा रिलेपासून पंपाकडे जाणाऱ्या वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. डॅशबोर्डखाली बटण लावून डायरेक्ट करून देण्याचा जुगाड स्वस्त वाटतो, पण तो करू देऊ नका. अपघातात इंजिन बंद पडलं की ईसीयू रिले सोडतो आणि पंप थांबतो. डायरेक्ट वायरीत हे होत नाही. पाइप फुटला असेल तर पंप पेट्रोल बाहेर ओततच राहतो.

काही गाड्यांत रिले बोर्डावरच डाग दिलेला असतो, उपसता येत नाही. तिथे पंपाचा फ्यूज काढा, तोही सापडत नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. गॅरेजपर्यंत टो करून नेतानाही तसंच राहू द्या.

पंपाची खरी चूक असते, पण वेगळ्या वाटेनं. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत कित्येक जण पेट्रोल जेमतेम ठेवतात. पंप तापतो, जड होतो, जास्त करंट ओढतो आणि त्यानंच पॉइंट जळतात. म्हणून नवा रिलेही लवकर चिकटला, तर फ्यूजच्या जागी अँपिअर मीटर लावून करंट मोजायला सांगा. तो ४ ते ६ अँपिअरच्या बराच वर जात असेल, तेव्हाच पंपाचं बोला.

काम देण्याआधी रिले तुमच्यासमोर काढायला लावा. काढलेला जुना भाग मागून घ्या, आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. नुसतं 'पंप काम' लिहिलेलं बिल पुढे कुठेच चालत नाही. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, गॅरेज कुठेही असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.