१७,९५० रुपये गेले, आणि दोष होता पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या रबरात

घरी मी ‘दहाएक हजार गेले’ एवढंच सांगितलंय. खरा आकडा १७,९५०. लिहायची लाज वाटते, पण मार्केट यार्डातल्या आणखी दोघांना माझ्याच गॅरेजवाल्यानं गाडीच्या बिघाडाचा तोच कोड दाखवलाय, म्हणून लिहितोय.

माझा पेट्रोलवरचा छोटा टेम्पो आहे. वडणग्याहून पहाटे भाजी भरायची आणि कोल्हापूरच्या मार्केट यार्डात उतरवायची. एप्रिलात डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी पळायला ठीक, ॲव्हरेज तेच. फक्त उन्हात उभी केली की मागे पेट्रोलचा वास यायचा. ओळखीच्या एकानं हायवेवरचं एक गॅरेज सांगितलं.

स्कॅनर, म्हणजे गाडीतला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र, लावायचे ५०० घेतले. कोड आला पी ०४४२, म्हणजे टाकीतली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून जी बंद यंत्रणा असते तिच्यात बारीक गळती. भोक असतं जेमतेम १ मिलिमीटरचं. कोड खरा होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण कोड फक्त ‘गळती आहे’ एवढंच सांगतो, कुठून ते सांगत नाही. ‘कुठून’ हे त्यानं आपल्या मनानं ठरवलं: पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारी झडप) ३,४५०, कॅनिस्टर (ती वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा) ११,२००, मजुरी २,८००.

आता ज्या क्षणासाठी रात्री झोप येत नाही, तो सांगतो. त्यानं माझ्यासमोर टाकीचं झाकण उघडलं. आतल्या रबरावरून अंगठा फिरवला, तो एका जागी थांबला. माझ्याकडे बघितलं आणि झाकण परत लावलं. एक शब्द बोलला नाही. दोनच दिवस आधी पंपावरचा पोरगा मला म्हणाला होता, “काका, झाकणाचा कटकट आवाज येईना, रबर गेलंय बघा.” दोन्ही गोष्टी मला माहीत, मी तिथंच उभा, आणि तरी तोंड उघडलं नाही. शेतातलं डिझेल इंजिन मी स्वतः खोलून जोडलंय, अडाणी नाही. पण गाडी एक दिवस उभी राहिली की माल कुजतो आणि महिन्याला हप्ता आहेच. घाईत माणूस ‘करून टाका’ म्हणतो. मीही म्हणालो.

संध्याकाळी दिवा बंद. मी खूश होऊन पैसे दिले. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, कंपनीला परत द्यावे लागतात. जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. कॅनिस्टर खरंच बदलला का, हे मला आजही माहीत नाही.

दिवा ११ दिवस बंद राहिला. स्कॅनरनं कोड पुसला की कोणाचाही दिवा विझतो. ही यंत्रणा स्वतःची तपासणी इंजिन थंड असताना करते, आणि टाकी फार रिकामी किंवा काठोकाठ भरलेली असेल तर करतच नाही. मी रोज ३०० चं पेट्रोल टाकणारा, टाकी कायम तळाला. गारगोटीच्या फेरीसाठी अर्धी टाकी भरली आणि तिसऱ्या सकाळी दिवा हजर. परत गेलो तर म्हणाला, “आता टाकीतला पंप काढावा लागेल, १४,०००.” वर टायरच्या हवेची नळी टाकीला लावून ‘गळती शोधतो’ म्हणाला. तेवढं मात्र मी करू दिलं नाही. पेट्रोलच्या टाकीत असली हवा कुणालाही मारू देऊ नका, ही यंत्रणा अगदी कमी दाबाची असते आणि वाफ पेट घेते.

उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्या वाफेच्या यंत्रणेत धूर सोडून बघितलं. ८०० रुपये. बॅटरीच्या उजेडात झाकणाच्या कडेनं धुराची बारीक रेघ निघाली. नवं झाकण ३८० चं. दिवा आजतागायत लागलेला नाही.

पोलिसांकडे गेलो. “तुम्ही स्वतः पैसे दिलेत ना? हा दिवाणी मामला.” दोन तास बाकावर बसवलं आणि अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. दुसऱ्या एका कार्यालयात सांगितलं की गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. तिसऱ्या ठिकाणी साहेब जेवायला, मग मीटिंगला, मग ‘सोमवारी या’. सोमवारी सुट्टी होती! एकानं तर माझ्या पिवळ्या पाटीकडे बोट दाखवून सांगितलं, धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहकच नाही. हे साफ चूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेऊन वापरणारा ग्राहकच धरलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा नाही. तीन टेबलं फिरलो, पण हे मला एका वकिलाच्या कारकुनानं चहा पिताना सांगितलं. पगार घेणाऱ्यांपैकी एकानंही नाही.

पण माझ्या हातात कच्ची चिठ्ठी, वर ना शिक्का ना नंबर. पक्कं बिल घ्या, त्यावर पार्टचा नंबर लिहून घ्या. पर्ज व्हॉल्व्ह खराब म्हणाला तर काढायला लावा आणि फुंकून बघा. त्याची वायर सुटलेली असताना हवा आरपार गेली तर तो बिघडलाय. कॅनिस्टर वाचवायचा असेल तर पंपावर नोझल आपोआप बंद पडल्यावर राउंड फिगरसाठी वर पेट्रोल भरू नका, ते कोळशात उतरतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. चिठ्ठीचा फोटो, स्कॅनरचा फोटो आणि ते फाटकं रबर जपून ठेवलंय. यार्डातल्या त्या दोघांना सोबत यायला सांगितलंय. एक तयार आहे, दुसरा अजून घरी विचारतोय.